कॅम्परच्या डॅशबोर्डखालचं इन्सुलेशन: खानदेशच्या उन्हात कोणत्या मालाचे पैसे वसूल होतात

आधी निकाल सांगतो. फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परमध्ये, म्हणजे झोपायची सोय केलेल्या गाडीत, डॅशबोर्डातून आणि इंजिन कव्हरमधून येणारी झळ थांबवायची असेल, तर पैसा या क्रमाने लावा. पहिल्यांदा भोकं आणि फटी बुजवा. मग १३ मिलिमीटरचं नायट्राइल रबर, म्हणजे एसीच्या डक्टला गुंडाळतात तो काळा फोम, घाला. मग एक्झॉस्टच्या बाजूला ग्लासफायबरची ढाल बसवा. काही उरलं तर थोडं ब्युटाइल, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी चिकट रबरी शीट. ॲक्सेसरीजच्या दुकानात बहुतेक वेळा हा क्रम उलटा ऐकायला मिळतो, कारण काउंटरवर समोर ठेवलेली असते ती चंदेरी ब्युटाइल शीट. ती ‘हीट प्रूफ’ म्हणून विकली जाते आणि चौरस फुटाला सगळ्यांत महाग तीच पडते. माल वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं आहे.

हे परीक्षण खानदेशातल्या वापरासाठी आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उभ्या गाडीचा डॅशबोर्ड काचेमागे तापून ८० अंशांच्या आसपास पोचतो. पुण्या-नाशिकच्या हवेत जो माल वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, तो इथे पहिल्याच उन्हाळ्यात सुटून पायाशी लोंबू शकतो. माल निवडताना सगळ्यांत जास्त विचार याचाच करायला हवा.

झळ येते कुठून

ट्रॅव्हलरची रचना अशी आहे की इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये शिरलेला असतो आणि ड्रायव्हर व शेजारची सीट यांच्यामध्ये त्याच्यावर कव्हर असतं. म्हणजे पायाशी फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आणि मांडीशी इंजिन कव्हर. डॅशबोर्डचं प्लास्टिक पॅनल हे या पत्र्यावरचं नुसतं झाकण आहे. पॅनलला आतून काही चिकटवून फायदा नगण्य होतो. पॅनल उतरवायचं ते मागच्या पत्र्यापर्यंत हात पोचावा म्हणून.

आता हिशेब पाहा. चढावर इंजिनाच्या कप्प्यातली हवा ९० अंश आणि केबिन ३५ अंश धरली, तर उघड्या कव्हरच्या दर चौरस मीटरमधून सुमारे २५० वॅट उष्णता आत येते आणि कव्हरचा वरचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत जातो. त्यावर २ मिलिमीटर ब्युटाइल चिकटवलं तर ६५ चे ६४ होतात. नायट्राइल रबर १३ मिलिमीटर घातलं तर उष्णता १०० वॅटवर येते आणि पृष्ठभाग ४७ अंशांवर. १९ मिलिमीटर घातलं तर ७५ वॅट आणि ४४ अंश. म्हणजे पहिल्या १३ मिलिमीटरने दीडशे वॅट वाचतात, पुढच्या ६ मिलिमीटरने फक्त पंचवीस. गिअर लिव्हर, हँडब्रेक आणि सीट यांच्यामध्ये जागा आधीच कमी असते, त्यामुळे १३ वर थांबणं शहाणपणाचं.

फटीचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. कव्हरच्या कडेचं जुनं रबर (बीडिंग) चपटं होऊन अर्धा सेंटीमीटर रुंद आणि अर्धा मीटर लांब फट राहिली, आणि तिच्यातून सेकंदाला ४ मीटर वेगाने ८० अंशांची हवा आत आली, तर एकट्या त्या फटीतून सुमारे ४५० वॅट उष्णता येते. अख्ख्या उघड्या कव्हरमधून पत्र्यावाटे येते त्याहून जास्त. म्हणून बीडिंग न बदलता महागड्या शीट लावणाऱ्या कारागिराचं बिल कितीही देखणं असलं तरी काम अर्धवटच आहे.

कॅम्परच्या बाबतीत अजून एक गोष्ट धरावी लागते, जी साध्या प्रवासी गाडीत कुणी धरत नाही. शहाद्याकडून तोरणमाळचा घाट चढून संध्याकाळी गाडी लावली, की तापलेलं इंजिन तास-दोन तास उष्णता सोडत राहतं. केबिन आणि झोपायची जागा एकच असल्यामुळे ती सगळी बिछान्याकडे येते. चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर मुक्काम केला तरी तेच. डॅशबोर्डखालचं काम चालताना उपयोगी आहेच, पण कॅम्परवाल्याला त्याची खरी किंमत गाडी थांबल्यावर कळते.

चार माल, एकेक करून

नायट्राइल रबर. हा काळा, बंद छिद्रांचा फोम. एसीच्या डक्टला आणि पाइपला गुंडाळतात तोच. कार ऑडिओच्या दुकानात हाच माल चिकट पाठीसह, वेगळ्या वेष्टनात, बऱ्याच चढ्या भावाने मिळतो. तो तिथून घेऊ नका. एसी-रेफ्रिजरेशनचं सामान विकणाऱ्याकडे ६, ९, १३, १९ आणि २५ मिलिमीटरच्या रोलमध्ये मिळतो. रावेर, सावदा, यावल भागात केळी पिकवण्याच्या चेंबरची कामं करणारे रेफ्रिजरेशन मेकॅनिक आहेत, त्यांना विचारलं तर उरलेला तुकडाही मिळून जातो आणि गाडीला तेवढा पुरतो. मागताना ‘क्लास ओ’ म्हणून मागा. आगीच्या बाबतीत ही प्रत वरची समजली जाते. हा माल साधारण १०५ अंशांपर्यंत चालतो, तेलाच्या शिंतोड्याने फुगत नाही, पाणी पीत नाही. वजन म्हणाल तर १३ मिलिमीटरचं एक चौरस मीटर पाऊण किलोच्या आसपास. दोष दोनच. उन्हात उघडा राहिला तर वरचा थर तडकतो, म्हणून काचेखाली दिसेल अशा जागी लावायचा नाही. आणि कोपऱ्यात ओढून लावला तर आक्रसून सांधा उघडा पडतो. ताण न देता, उलट सांध्यावर एक-दोन मिलिमीटर जास्त ठेवून दाबून बसवायचा. या चारांत आमचा कौल यालाच.

ब्युटाइल शीट. पत्र्याची थरथर मारण्यासाठी उत्तम. डिझेल इंजिनाची घरघर फायरवॉलच्या मोठ्या सपाट भागातून आत येते, तिथे पत्र्याचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी आवाजात स्पष्ट फरक पडतो. अख्खा पत्रा मढवण्याची गरज नाही. २ मिलिमीटरची शीट चौरस मीटरला सुमारे ३ किलो भरते. पुढचा सगळा भाग मढवला, म्हणजे सुमारे ४५ चौरस फूट, तर बारा-साडेबारा किलो वजन नुसतं पुढच्या ॲक्सलवर वाढतं. उष्णता अडवण्याची तिची ताकद अर्ध्या मिलिमीटर नायट्राइलएवढीसुद्धा नाही.

इथे दोन नंबरचा माल फार येतो. ब्युटाइलच्या नावाखाली डांबरी शीट, वर चंदेरी फॉइल. ओळखायची सोपी रीत अशी: एक तुकडा मागून घ्या, कागद सोलून भर दुपारी गाडीच्या बाजूच्या उभ्या पत्र्याला चिकटवा. डांबरी असेल तर संध्याकाळपर्यंत कडेने काळं ओघळलेलं दिसेल आणि वास येईल. खरं ब्युटाइल जागचं हलत नाही, बोटाने ताणलं तर तार धरतं आणि डांबराचा वास येत नाही. डांबरी शीट डॅशबोर्डखाली गेली की मे महिन्यात ओघळून वायरिंगच्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडांवर, उतरते. ते साफ करणं म्हणजे पुन्हा सगळा डॅशबोर्ड उतरवणं.

चंदेरी बबल शीट आणि फॉइल लावलेला पांढरा फोम. हे दोन्ही डॅशबोर्डखाली लावू नका. चकाकणाऱ्या फॉइलचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तिच्यासमोर दोन-अडीच सेंटीमीटर मोकळी हवा असते आणि फॉइलवर धूळ नसते. पत्रा आणि पॅनल यांच्यामध्ये दाबून चिकटवली की ती नुसता पातळ प्लास्टिकचा थर उरते. पांढरा फोम बहुतेक वेळा पॅकिंगचा ईपीई, म्हणजे पॉलिथिनचा फोम, असतो. तो पेटतो, वितळतो आणि जळते थेंब खाली टाकतो. घेण्याआधी बोटाएवढा तुकडा मोकळ्या जागेत, पक्कडीत धरून लायटरवर धरा. ज्योत काढल्यावर विझला तर ठीक, जळत राहिला किंवा ठिबकला तर परत द्या. वाहनाच्या आतल्या सामानासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे आणि त्यात आडव्या जळण्याचा वेग मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. ज्या गाडीत माणसं रात्री दारं लावून झोपतात, तिच्यात वायरिंगच्या मागे ठिबकणारा फोम असणं हा सरळ जिवाशी खेळ आहे. कॅम्पर भाड्याने देणाऱ्यांनी तर मालाचा चाचणी अहवाल मागून फाइलला लावावा. जळगावात प्लास्टिकच्या चटया स्वस्तात आणि भरपूर मिळतात, म्हणून काही जण पायाखाली आणि पॅनलमागे त्याच कापून घालतात. तेही याच कारणाने नको.

सिरॅमिक ब्लँकेट आणि ग्लासफायबरची ढाल. सिरॅमिक ब्लँकेट भट्टीचा माल आहे, हजार अंशांच्या वरचा. गाडीत त्याचं काम फक्त टर्बो आणि एक्झॉस्टच्या समोरच्या भागात, आणि तेही इंजिनाच्या बाजूने. केबिनच्या आत कधीच लावू नका. त्याचे धागे मोडून हवेत उडतात, श्वासात गेले तर फुप्फुसाला अपाय करतात, आणि रस्त्याच्या हादऱ्याने ते मोडतातच. त्याऐवजी ॲल्युमिनियम चढवलेलं ग्लासफायबर कापड घ्यावं. इंजिन कव्हरच्या खालच्या अंगाला, एक्झॉस्टकडच्या अर्ध्या भागात, स्टीलच्या वॉशर आणि स्क्रूने, पत्र्यापासून १० मिलिमीटर अंतर राखून बसवावं. नुसत्या गोंदावर ठेवू नका. गोंद सुटला तर कापड थेट गरम पाइपवर किंवा फिरत्या पट्ट्यावर पडतं.

किती माल लागेल

गाडीगणिक फरक पडतो, पण साधारण अंदाज असा. फायरवॉल १५ ते २० चौरस फूट, इंजिन कव्हर १० ते १२, दोन्ही पायजागा मिळून १२. कापण्यातली नासाडी धरून १३ मिलिमीटरचं नायट्राइल ४५ ते ५० चौरस फूट घ्या. एसीच्या डक्टसाठी ६ मिलिमीटरचं दहा चौरस फूट वेगळं. ब्युटाइल १२ ते १५ चौरस फूट पुरे. ढालीचं कापड ६ चौरस फूट. चिकटवायला नायट्राइलसाठीच बनवलेलं सोल्यूशन एक लिटर, आर्माफ्लेक्स ५२० च्या जातीचं. पंक्चरचं किंवा चपलेचं साधं सोल्यूशन उन्हाळ्यात पकड सोडतं. याशिवाय कव्हरच्या परिघाएवढं डी आकाराचं ईपीडीएम रबराचं बीडिंग, वेगवेगळ्या मापाची ग्रोमेट (वायर जाते त्या भोकात बसवायच्या रबरी कड्या), भोकांचे रबरी बूच, ब्युटाइलची पट्टी, आणि न्यूट्रल क्युअर सिलिकॉनची एक ट्यूब. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं, ते नको. पॅनलच्या क्लिपा डझनभर जास्तीच्या आधीच आणून ठेवा. उन्हाने करपलेल्या क्लिपा उतरवताना तुटणारच.

डॅशबोर्ड उतरवताना

हे काम दोन माणसांचं आणि दोन दिवसांचं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मे महिन्याच्या दुपारी पत्रा ६० अंशांवर असतो, तेव्हा ब्युटाइल टेकताक्षणी धरतं आणि सरकवता येत नाही. उलट डिसेंबरच्या पहाटे, थंडीत, जुनं प्लास्टिक कडक होऊन क्लिपेच्या मुळाशी तडकतं. हिवाळ्यात अकराच्या पुढे, सावलीत सुरुवात करावी.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॅम्परमध्ये घरगुती वापराची दुसरी बॅटरी आणि बहुतेक वेळा सोलर जोडणी असते, तीही तोडा. ही गोष्ट विसरली जाते आणि मग डॅशमागच्या बंद समजलेल्या वायरीत करंट सापडतो. एअरबॅग असलेल्या गाडीत बॅटरी काढल्यावर किमान दहा मिनिटं थांबा आणि पिवळ्या कपलरना मीटरची पिन लावू नका.

प्रत्येक कपलर काढण्याआधी त्याच्या दोन्ही भागांवर मास्किंग टेपचा एकच नंबर लिहा आणि फोटो घ्या. स्क्रू एका डब्यात टाकू नका. पॅनलचं चित्र पुठ्ठ्यावर काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा, कारण लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर डक्टला किंवा वायरिंगला भोक पाडतो. क्रम असा: स्टिअरिंगखालचं झाकण, मीटरची चौकट, मीटर, म्युझिक सिस्टीम, एसीच्या जाळ्या, ग्लव्ह बॉक्स, मग मुख्य पॅनल. छोट्या टोप्यांखाली लपलेले बोल्ट असतात. पॅनल सैल होऊनही एका जागी अडलं तर ओढू नका, तिथे नक्की एखादा बोल्ट राहिलाय. पॅनल पुढे काढताना दुसऱ्या माणसाने मागे हात घालून वायरिंगचा ताण पाहावा.

एसीचा कूलिंग कॉइल आणि हीटरचे पाइप सोडू नका. गॅस जातो, कूलंट सांडतं आणि कामाचा खर्च दुप्पट होतो. कॉइलच्या डब्याच्या आजूबाजूने जेवढं जमतं तेवढंच करायचं. त्याच्या मागचा वीतभर पत्रा उघडा राहिला तर राहू द्या.

भोकं शोधण्याचं काम

पॅनल निघालं की लगेच चिकटवायला घेऊ नका. अंधार पडल्यावर इंजिनाच्या कप्प्यात जोरदार एलईडी दिवा लावा आणि केबिनमधले सगळे दिवे बंद करून आत बसा. जिथे उजेड दिसेल तिथे खूण करा. वायरिंगच्या ग्रोमेटच्या कडा, स्टिअरिंग शाफ्टचा बूट, पेडल बसवण्याच्या पट्टीखालची जागा, गिअर केबलचं तोंड, आणि कंपनीने किंवा बॉडी बिल्डरने पाडलेली पण न वापरलेली भोकं. कॅम्पर बांधणारे सोलर, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर यांच्या वायरी नेताना फायरवॉलला नवं भोक पाडतात आणि ग्रोमेट घालत नाहीत. तिथे वायरीचं कातडं पत्र्याच्या धारेवर घासत असतं. झळ बाजूला राहिली, हे आगीचं कारण आहे. आधी तेवढं दुरुस्त करा.

भोकाला मापाचं ग्रोमेट किंवा बूच, वायरीच्या जुडग्याभोवती ब्युटाइलची पट्टी, बारीक सांध्याला सिलिकॉन. डब्यातला फुगणारा फोम मारू नका. तो पाणी धरतो, पेटतो, आणि पुढे एक वायर बदलायची म्हटली तर अख्खा गठ्ठा कापावा लागतो.

दुसरी चाचणी पाण्याची. वायपरखालच्या जाळीत बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि आतून पाहा. निचऱ्याच्या नळ्या पानांनी आणि धुळीने तुंबलेल्या असतील तर पाणी फायरवॉलवर उतरतं. वर इन्सुलेशन लावलं की ते ओल लपवतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा खाऊन टाकतं. गंज दिसला तर घासून, झिंक फॉस्फेटचा प्रायमर मारून, पूर्ण वाळवून मगच पुढे जा.

चिकटवताना काय बिघडतं

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डिझेल किंवा रॉकेलने पुसलेल्या पत्र्यावर तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर कोणताच गोंद नीट धरत नाही. ब्युटाइलचे तुकडे सपाट भागाच्या मधोमध लावून लोखंडी किंवा रबरी रोलरने फॉइलवरची नक्षी दबेपर्यंत फिरवा. फॉइलची कड पात्यासारखी कापते, हातमोजे घाला.

नायट्राइलसाठी आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापा. सोल्यूशन पत्र्याला आणि रबराला दोन्हीकडे पातळ लावून बोटाला चिकटणार नाही इतपत सुकू द्या, मग दाबा. ओलं असतानाच दाबलं तर आत वाफ कोंडून फुगे धरतात आणि उन्हात ते सुटतात. सोल्यूशनची वाफ पेट घेते, म्हणून दारं उघडी, जवळ ग्राइंडर किंवा विडी-काडी नको. सांधे आडवे न कापता तिरके कापले तर चांगले मिटतात.

ज्या चुका सगळ्यांत जास्त दिसतात त्या जागेच्या आहेत. पॅनल जिथे पत्र्याला बोल्टने टेकतं, तिथे मोकळी जागा तीन-चार मिलिमीटरच असते. तिथेही १३ मिलिमीटर घातलं की पॅनल बसत नाही, स्क्रू जोर लावून आवळला जातो, आणि मग खड्ड्यागणिक डॅशबोर्ड करकरतो, क्लिपा उडतात. प्रत्येक बोल्ट आणि क्लिपेभोवती अडीच सेंटीमीटर गोल मोकळा सोडा. पेडलच्या मागे आणि बाजूला काहीही लावण्याआधी ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून पाहा. रबर पेडलपासून किमान ३ सेंटीमीटर दूर हवं. सुटलेला कोपरा ब्रेकखाली जाईल अशी एकही जागा ठेवू नका. शंका असेल तिथे गोंदाशिवाय पत्र्याची पट्टी आणि स्क्रूसुद्धा मारा.

फ्यूज बॉक्स, रिले आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट यांना गुंडाळू नका. त्यांची स्वतःची उष्णता बाहेर पडायला हवी. ब्लोअरच्या रेझिस्टरच्या जागीही रबर नको. एसीच्या पाण्याचा निचरा होणारी नळी कुठून जाते हे आधी पाहा. ती दबली की पाणी उलटून पायाशी येतं आणि लोक गळतीचा दोष काचेच्या रबरला देतात.

एक काम जवळजवळ कुठलंच गॅरेज आपण होऊन करत नाही, ते मागून करून घ्या: एसीच्या प्लास्टिक डक्टला ६ मिलिमीटर नायट्राइल गुंडाळणं. ही डक्ट तापलेल्या पॅनलच्या पोटातून जाते आणि थंड हवा जाळीपर्यंत पोचेपर्यंत कोमट होते. डॅश उघडाच आहे, खर्च किरकोळ आहे. डक्टच्या सांध्यांना ॲल्युमिनियम टेप लावली तर पॅनलमागे वाया जाणारी हवाही वाचते.

इंजिन कव्हरचं बीडिंग शेवटी बदला. जुनं पूर्ण खरवडून काढा, नवं एका सलग तुकड्यात लावा, सांधा मागच्या बाजूला ठेवा. कव्हरचे हूक नव्या जाडीप्रमाणे सैल-घट्ट करा. कागदाची पट्टी बीडिंगखाली ठेवून कव्हर लावा आणि ओढा. परिघावर कुठेही ती सहज सरकली तर तिथे फट आहे. मग इंजिन चालू ठेवून कडेने अगरबत्ती फिरवा, धूर कुठे ढळतो ते दिसतं. हे बीडिंग डिझेलचा धूरही अडवतं, आणि झोपायच्या गाडीत ते झळीइतकंच महत्त्वाचं आहे.

काम तपासताना

इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजणार असाल तर चंदेरी पृष्ठभागावर नेम धरू नका. चकाकतं ॲल्युमिनियम खरं तापमान दाखवत नाही, फसवं कमी दाखवतं. कित्येक दुकानांतली प्रात्यक्षिकं याच्यावरच उभी आहेत. फॉइलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. तुलना करायची तर आधी आणि नंतर एकच रस्ता, एकच वेळ, एसी एकाच खुणेवर. सपाट महामार्गावर फरक कमी दिसतो. लळिंगचा चढ किंवा कन्नड घाट चढून लगेच मोजलं तर काम कसं झालंय ते उघड होतं.

गॅरेजकडून काम करून घेणार असाल तर अजिंठा चौफुलीच्या बाजूला असो की धुळ्यात, चार प्रश्न विचारा. फटी आधी बुजवणार का? नायट्राइल कोणत्या जाडीचं? पाण्याची चाचणी इन्सुलेशनच्या आधी घेणार का? आणि पॅनल परत बसवण्याआधी उघड्या कामाचे फोटो देणार का? चौथ्याला नकार आला तर गाडी तिथे ठेवू नका. पॅनलमागे काय झाकलंय ते एकदा बंद झाल्यावर कुणालाच दिसत नाही, आणि अर्ध्या मालात पूर्ण बिल लावायला तीच जागा सोयीची असते.

या सगळ्यातून काय मिळणार नाही तेही स्पष्ट असावं. समोरच्या काचेतून येणारं ऊन डॅशबोर्डखालच्या रबराने थांबत नाही. दुपारी उभ्या गाडीत तीच बाजू सर्वांत जास्त तापते. गडद फिल्म हा उपाय नाही, समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा असा नियम आहे. गाडी उभी असताना काचेवर बाहेरून घालायचं चकाकतं जाड आवरण शिवून घ्या. आतल्या पडद्यापेक्षा ते कितीतरी उजवं ठरतं, कारण ऊन काचेच्या आत यायच्या आधीच परतवलं जातं. पाटणादेवीला किंवा पालला झाडाखाली गाडी लावली तरी तोंड पश्चिमेला नको.

घाट चढून मुक्कामाला पोचल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं संथ चालू ठेवून बंद करा आणि पुढचं बोनेट सेफ्टी हुकावर उचलून ठेवा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. केबिन आणि झोपायच्या जागेमध्ये छतापासून फरशीपर्यंत जाड पडदा लावा, खालची कड जमिनीवर थोडी लोळती ठेवा. पहिल्या उन्हाळ्यानंतर ग्लव्ह बॉक्स काढून टॉर्चने आत पाहा, कुठे कोपरा सुटला असेल तर तेवढ्याच जागी सोल्यूशन लावून दाबा. पावसाळा संपल्यावर पायाखालचं रबर एका कोपऱ्यात उचलून पत्रा कोरडा आहे ना ते हाताने तपासा.